बिडाचा तवा अजून तयार नाही

"ताई, तवा उलटा करून कोण बघतं हो?" दुकानदार म्हणाला, आणि तिथेच तो फसला.

कारण ती उलटं करून बघणाऱ्यांपैकीच होती. दातांची डॉक्टर ती. लोकांना तोंड उघडायला लावून आत खरं काय चाललंय ते बघायचं, हेच तिचं रोजचं काम. घरी बाबा तिला 'ठिणगी' म्हणत, आणि आज तर सकाळपासूनच ती पेटलेली होती. बाबांच्या ऑम्लेटमध्ये काळे कपचे निघाले होते. बाबांनी ते बोटाने ताटाच्या कडेला सारले आणि शांतपणे विचारलं, "मिरी जास्त झाली का गं?" मिरी कसली! वर्षातला तिसरा नॉनस्टिक तवा सोलून निघाला होता. आणि त्याच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलेलं — देशी बनावट, आयुष्यभराची सोबत!

"आयुष्यभराची?" तिने तवा काउंटरवर आदळला. "चार महिने झालेत याला! कुणाचं आयुष्य धरलं होतंत, डासाचं?"

शेजारी कुणीतरी फिस्सकन हसलं. ती गर्रकन वळली. करड्या शर्टातला एक उंच माणूस उभा होता. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत काजळी, आणि डोळे मात्र… जाऊ दे, डोळ्यांकडे बघायची ही वेळ नव्हती.

"तुम्हाला हसायला काय झालं?"

"माफ करा… तवा बघू जरा?" त्याने तो उलटा केला. बुडावर एका कारखान्याच्या नावाचा कागद चिकटवलेला होता. त्याने अंगठ्याच्या नखाने तो उचकटला. खाली धातूवर उमटवलेलं होतं दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचं नाव.

त्याचं हसू विरलं. "हे कागदावरचं नाव आमच्या कारखान्याचं आहे," तो रागाने दुकानदाराला म्हणाला. "आमचे तवे तुम्ही मागे झाडूंच्या आड टाकलेत. आणि नाव आमचं या पत्र्याला?"

मग काय! दोघांनी मिळून दुकानदाराला असं धारेवर धरलं, की बाकीची गिऱ्हाइकं हातातली भांडी उलटी करून बघायला लागली. चांगलंच झालं म्हणायचं. माणसं चपला घेताना दहा दुकानं पालथी घालतात, आणि ज्यात रोजचं अन्न शिजतं ते भांडं चकचकीत खोकं बघून उचलतात!

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "खरा तवा हवा असेल तर कारखान्यात या. बिडाचा. भट्टीत ओतलेला, आमच्या हातचा."

"नवीन नको. नव्यावरचा माझा विश्वास उडालाय. वापरलेला असेल तर दाखवा."

त्याने तिला एकदा निरखून पाहिलं. मग तिला कारखान्यात घेऊन गेला आणि कपाटातून एक तवा काढून दिला. जड, काळाकुळकुळीत.

"तीस वर्षं वापरलेला आहे. आठ दिवस वापरून बघा. पण… जपून हं!"

जपून! तिने जपलंच की. घरी दिव्याखाली धरून पाहिला, तर काळ्या थरावर काळा थर. तीस वर्षांचा मळ! तिच्या हातांना राहवेना. तिने दवाखान्यातलं जुनं हत्यार आणलं, दातांवरचं कीटण खरवडायचं. तीन दिवस ती खरवडत होती, वर तारेच्या घासणीने घासत होती. शेवटी तवा राखाडी, लखलखीत निघाला. तो कागदात गुंडाळून ती तोऱ्यात कारखान्यात गेली.

त्याने कागद उघडला आणि तवा उजेडाकडे धरला.

"बघा, ओळखूसुद्धा येत नाही ना?" ती म्हणाली.

"नाही येत." तो तव्यावरून हळूहळू हात फिरवत होता. "तो मळ नव्हता. तेल होतं, मुरलेलं. त्यामुळेच बिडाला अन्न चिकटत नाही. आमच्या कारखान्यात ओतलेला हा पहिला तवा… आई यावर रोज स्वयंपाक करायची. ती गेल्यावर मी यावर कुणाला काही करू दिलं नव्हतं."

तिला आपली चूक कळली. आणि चूक कळली की तिला रागच यायचा.

"मग हे आधी सांगता येत नव्हतं? 'जपून' म्हणे! एवढी मोलाची वस्तू अशी हातात देतात का कुणाच्या?"

"तुमचा विश्वास उडालाय म्हणालात, म्हणून दिली!" आता त्याचाही आवाज चढला. "असलेल्यातली सगळ्यात चांगली दिली!"

दोघंही धुसफुसत एकमेकांकडे बघत राहिले. मग तिने तवा त्याच्या हातातून काढून घेतला.

"मी बिघडवलाय, मीच नीट करीन."

"तुम्ही? आता एकट्याने हातही लावायचा नाही! माझ्या डोळ्यांदेखत करायचं."

असा तो दर रविवारी सकाळी तिच्या घरी यायला लागला. तवा तापवायचा, बोटभर तेलाचा हात फिरवायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा तापवायचा. आठवडाभर बाबा त्यावर कांदे परतत, बटाटे खरपूस करत. रविवारी तो परीक्षा घ्यायचा, एक अंडं फोडून. ते चिकटायचं.

"अजून तयार नाही," तो मान हलवायचा. "पुढच्या रविवारी बघू." आणि बाबांसमोर बुद्धिबळाचा पट मांडून बसायचा.

"फडकं असं धरायचं," म्हणत एकदा त्याने तिची बोटं वळवली. स्वयंपाकघरात तापल्या तेलाचा वास पसरला होता, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती… आणि फडकं केव्हाच गार झालं तरी दोघांपैकी कुणीच हात काढून घेतला नाही. बाबा खाकरले, तेव्हा कुठे ती भानावर आली. त्यानंतर रविवारची ती शनिवारपासूनच वाट बघायला लागली, आणि स्वतःवरच चिडायला लागली.

नऊ रविवार झाले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नाश्त्याला ती कुरकुरली, "काय हट्टी तवा आहे! तयारच होत नाही."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "तिसऱ्याच आठवड्यात तयार झाला होता की."

"काय?"

"मी रोज करतो ना त्यावर. मुळीच चिकटत नाही. रविवारी तो गार तव्यावर अंडं फोडतो गं, मुद्दाम. गार तव्यावर कुठलंही अंडं चिकटणारच."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मला बुद्धिबळाला जोडीदार मिळाला होता," बाबा म्हणाले. "आणि तू रविवारी गुणगुणायला लागली होतीस."

तिने ताडकन उठून तवा चांगला तापवला आणि अंडं फोडलं. ते अलगद घसरून ताटलीत आलं. दवाखान्यात फोन करून तिने पहिला पेशंट पुढे ढकलला, आणि गरम तवा फडक्यात गुंडाळून तडक कारखाना गाठला.

"गार तव्यावर?" दारातूनच ती ओरडली. साच्यांजवळची माणसं थबकली, कुणीतरी पंखाही बंद केला. "सात आठवडे खोटं बोललात! त्या दुकानदारात आणि तुमच्यात फरक काय मग?"

तो पुढे आला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"काही नाही," तो म्हणाला. "खोटं ते खोटंच. रागवा तुम्ही, तुमचं बरोबर आहे."

तिला वाटलं होतं, तो सारवासारव करील. ती गोंधळली, म्हणून आणखी भडकली. डोळ्यांत पाणी आलं तेही रागानेच, असं तिने ठरवून टाकलं.

"पण का? मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता… घासून-पुसून, सगळ्या बाजूंनी पारखून!"

"तयार झाला म्हणालो असतो, तर तवा घेऊन परत जावं लागलं असतं." त्याने एकदा सगळ्या कारखान्याकडे पाहिलं, मग फक्त तिच्याकडे. "आणि मला जायचं नव्हतं. तुम्ही आवडता मला. भांडता तेव्हा तर फारच. दर रविवारी सांगायचं ठरवून यायचो… आणि अंडं फोडून परत जायचो."

तिने नाक ओढलं, पदर नव्हता म्हणून ओढणीनेच डोळे पुसले आणि तवा त्याच्या छातीशी धरला.

"हा घ्या. तयार आहे. आता याच्यासाठी आमच्याकडे यायचं कारण उरलेलं नाही."

त्याने तवा घेतला. मान खाली गेली.

"रविवारी सकाळी या," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "पण… बाबांना काय सांगू, कशासाठी आलो?"

"काही सांगायचं नाही!" ती कडाडली. "माझ्यासाठी यायचं, आणि सरळ दारातून आत यायचं."