शेवटच्या बटणाचा दोरा

आमच्या शिवणाच्या दुकानात मशीनच्या वर एका जुन्या दिनदर्शिकेचं चित्र होतं. निळं पाणी आणि त्यावर पांढरंशुभ्र जहाज. वर्ष संपलं, कागद पिवळा पडला, पण बाबांनी ते चित्र काही उतरवलं नाही. आई काजं-बटणं करता करता मान वर करून म्हणायची, "कधी नेताय?" बाबा पॅडल न थांबवता म्हणायचे, "एवढा कोट झाला की." त्या एवढ्या कोटाला एक्केचाळीस वर्षं लागली.

तोवर दुकान बंद झालं होतं आणि मशीनही गेली होती. बाबांचं हृदय दमलं होतं. दहा पावलं चालले की थांबायचे, आणि थांबले की कुणाला कळू नये म्हणून समोरच्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून पोत बघायचे. आईच्या डोक्यातून माणसं एकेक करून निघून गेली होती. मला ती कधी मुलगी म्हणे, कधी शेजारीण. बोटं मात्र काही विसरली नव्हती. एक जुना सदरा मी तिच्या हाती दिला होता. ती दिवसभर त्याला सहा बटणं लावायची, आणि संध्याकाळी मी ती उसवून ठेवायची, म्हणजे उद्याचं काम तयार.

डॉक्टर म्हणाले, जहाजावर न्यायचं तर आत्ताच न्या. धाकट्या भावाला ते पटलं नाही. "ताई, पाण्यात काही झालं तर काय करशील?" शेवटी तो एवढंच म्हणाला, "दोघांना नेतेस तशी परत आण. मला दुसरं काही नको."

"आणते," मी म्हटलं. देवाला नमस्कार केला आणि औषधांचे डबे भरायला घेतले.

माझ्या कामाविषयी इथेच सांगून ठेवते, कारण पुढे ते आड येणार आहे. सव्वीस वर्षं मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. आमचा नियम एकच: नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं पाहिजे. जरा जरी शंका आली तर नमुना टाकून द्यायचा. सही करायची नाही. नव्या मुलींना मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

जहाज तसंच होतं, चित्रातल्यासारखं. आमच्या केबिनला छोटा सज्जा होता. बाबांनी स्वतः शिवलेला राखाडी कोट घातला. तो त्यांचा शेवटचा कोट. हात थरथरला म्हणून पाठीवरचा काप, म्हणजे खालची मधली चीर, किंचित डावीकडे गेला होता. "वाकडा बसलाय," ते म्हणायचे, "पण माझ्यासारखाच, चालतो हळूहळू." आई सज्ज्यात बसून बटणं लावू लागली. सहावं बटण झालं की सदरा पुढे करायची आणि बाबा वाकून दोरा दातांनी तोडायचे. कात्री समोर असली तरी दातांनीच. दुकानातली जुनी रीत होती ती. बाबा कपडे पोचवायला बाहेर गेले की आई शेवटच्या बटणाचा दोरा तोडायची नाही. सुई लोंबती ठेवून वाट बघायची. बाबा यायचे उशिरा, पण यायचे, आणि आधी दोरा तोडायचे, मग पाणी प्यायचे.

पहिलं बंदर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. बाबांना धाप होती, म्हणून आम्ही उतरलो नाही. ते खुर्चीत डोळे मिटून पडले. मी त्यांच्यासाठी खाली जहाजाच्या दवाखान्यात गोळ्या आणायला गेले. वाटेत उतरायच्या शिडीपाशी दारावरचा पहारेकरी बसतो. प्रत्येकाने आपलं कार्ड यंत्राला लावायचं, मग पडद्यावर त्याचा फोटो येतो आणि टुंग वाजतं. बाहेर जाताना एक टुंग, परत येताना एक. कोण मागे राहिलं ते त्यावरून कळतं.

पहारेकरी मला बघून हसला. "वडील भारी आहेत हां तुमचे. कार्ड लावून एकटेच उतरले. म्हटलं, आजोबा, हात देऊ का? तर माझ्या गणवेशाची बाही चिमटीत धरून म्हणतात, कापड बरं आहे, शिलाई कच्ची आहे."

मी पर्स उघडली. बाबांचं कार्ड माझ्याजवळच होतं. वर धावत गेले. बाबा खुर्चीत होते, झोपलेले.

"आई, बाबा कुठे गेले होते का?"

"गेलेत की. येतील."

"अगं, हे काय, समोर बसलेत."

आईने सुईवरून नजर उचलून खुर्चीकडे पाहिलं. "हे होय? हे नुसते बसलेत."

सहावं बटण लावून झालं होतं. दोरा लोंबत होता.

पावणेएकला बाबांनी डोळे उघडले, खोकले, आईकडे वाकून दोरा तोडला आणि मग पाणी मागितलं. "गल्लीच्या टोकाला शिंप्याचं दुकान आहे," ते धापा टाकत म्हणाले. "पॅडल अगदी आपल्या मशीनसारखं वाजतं, दोन ठोके आणि एक कुरकुर." त्यांच्या अंगठ्याला निळा खडू लागला होता, कापडावर खुणा करायचा. तीन वर्षांत आमच्या घरात खडू नव्हता.

यंत्र बिघडलं असेल, मी स्वतःला सांगितलं. खडू कोटाच्या खिशात राहिला असेल. स्वप्न पडलं असेल. तीन गोष्टी, तीन कारणं. माझं काम असंच चालतं.

दुसऱ्या बंदराला मात्र मी तयारीने बसले. खुर्चीसमोर स्टूल घेतलं, हातात घड्याळ, बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर. आकडा अठ्ठ्याऐंशी. ते नेहमीसारखे धापत होते आणि मधेच दुकानातलं ते एका ओळीचं भजन पुटपुटत होते. मशीन चालवताना ती एकच ओळ ते फिरवून फिरवून म्हणायचे, पॅडलच्या तालावर. लहानपणी मला वाटायचं, देवाला ही एकच ओळ ऐकू येत असणार.

नऊ पंचावन्नला ओळ मधेच थांबली.

श्वास मोकळा झाला. छातीतली घरघर गेली. आकडा चढू लागला. ब्याण्णव. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

आईने दोरा ओढला आणि सोडून दिला. "गेले," ती म्हणाली.

मी खाली फोन लावला. पहारेकरी म्हणाला, "हो, आत्ताच उतरले. आज मी हात पुढे केला नाही, शिलाईवरून बोलणी कोण खाणार!"

अडीच तास मी त्या खुर्चीतल्या माणसाकडे बघत बसले. चेहरा बाबांचा. भुवईवरची सुईची खूण बाबांची. गालांवर रंग होता, ओठ निळे नव्हते. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. सात वर्षांत मी बाबांना असा श्वास घेताना पाहिलं नव्हतं. ते असेच राहिले तर, असं मनात आलं. देव मनातलं ऐकतो असं आपण म्हणतो. त्या घडीला त्याने ऐकायला नको होतं.

साडेबाराला आकडा झरझर उतरला आणि अठ्ठ्याऐंशीवर थांबला. बाबा हसले. "अगं, किती चाललो आज!" त्यांनी दोरा तोडला. "तोच शिंपी. तीच गल्ली."

"बाबा, हे दुसरं बंदर आहे."

"इथेही आहे ती. म्हणतो, मला आता दिसत नाही, तू बस मशीनवर." ते आईकडे वळले. "एवढा एक कोट झाला की येतो, म्हटलं त्याला."

आई खुदकन हसली. कितीतरी वर्षांनी ती त्यांच्याशी लटकं रागावली. "तुमचा एवढा एक कोट मला माहीत आहे!"

त्या दुपारी दोघं सज्ज्यात हात हातात घेऊन बसली होती. आईला बाबांचं नाव आठवलं, दुकानाचं कुलूप आठवलं, पहिल्या गिऱ्हाइकाचं मापसुद्धा आठवलं. छाती एकोणचाळीस, बाही तेवीस. मी आत वळून डोळे पुसले.

तिसरं बंदर शेवटचं. जहाज पाचला सुटणार होतं. बाबा दोनला गेले. म्हणजे खुर्चीतच होते, आणि आकडा अठ्ठ्याण्णव झाला.

तीन वाजले. चार वाजले.

आईचं सहावं बटण कधीच झालं होतं. सदरा मांडीवर, सुई लोंबती, आणि ती दाराकडे बघत होती.

साडेचारला फोन वाजला. "तुमचे वडील आलेले नाहीत," पहारेकऱ्याच्या आवाजात आज गंमत नव्हती. "साहेब वर येतायत."

अधिकारी आला. हातात यादी होती. त्याने खुर्चीकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, मग कपाळ पुसलं.

"हे कोण मग?"

मी ऑक्सिमीटरचा आकडा पुन्हा वाचला.

"यंत्राचा घोळ दिसतोय," तो म्हणाला. "हे तुमचे वडीलच ना? तसं असेल तर इथे सही करा. यादी बंद होईल, शिडी उचलता येईल."

"आणि सही नाही केली तर?"

"तर कुणीतरी मागे राहिलंय असं धरावं लागेल. माणसं पाठवून शोधू. तोवर जहाज थांबवू." तो जरा हसला. "पण हे काय, बसलेत की समोर."

खुर्चीतल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. शांतपणे, अदबीने, डॉक्टरांच्या खोलीबाहेर आपला नंबर यायची वाट बघणारा माणूस बघतो तसं. श्वास मोकळा होता आणि आकडा अठ्ठ्याण्णव.

दोघांना नेतेस तशी परत आण.

मी सही केली.

शिडी उचलल्याचा आवाज आला. आई उठून सज्ज्याच्या कठड्याला जाऊन उभी राहिली. मीही गेले.

खाली धक्का रिकामा होता. दूर गोदामांच्या कोपऱ्यावरून एक माणूस जहाजाच्या दिशेने चालत येत होता. दहा पावलं चालायचा, थांबायचा, पुन्हा दहा पावलं. एकदा थांबला तेव्हा धाप घ्यायला पाठ फिरवून खांबाला टेकला. राखाडी कोट. पाठीवरचा काप डावीकडे गेलेला.

"थांबवा की त्यांना," आई म्हणाली. "ते येतायत चालत."

भोंगा वाजला. पाण्याची पट्टी रुंद होत गेली.

त्याने हात केला नाही. तो चालतच राहिला.

*

घरी सगळे खूश होते. भाऊ तर म्हणाला, "ताई, तू बाबांना नवीन करून आणलंस!" ते जिने चढतात, जेवून ताट उचलून ठेवतात, कुणाला त्रास देत नाहीत. भजनाची ओळ म्हणत नाहीत. मी एकदा त्यांच्यापुढे माझी नवी साडी धरून म्हटलं, "बाबा, पोत बघा ना." ते म्हणाले, "छान आहे," आणि हात मांडीवरच ठेवले.

त्यांचं रक्त मी स्वतः काढून नेलं. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने अहवाल बघितला आणि नळी परत माझ्यासमोर ठेवली. "नाव चुकलंय का गं? हे एखाद्या तिशीतल्या माणसाचं वाटतंय."

मी नळीवरचं नाव वाचलं. कागदावरचं नाव वाचलं. दोन्ही जुळत होती.

आई त्यांना 'भाऊ' म्हणते. त्यांना पाणी देते, चहा देते, कधी विचारते, "भाऊ, तुम्हाला न्यायला कुणी येणार आहे का?" डॉक्टर म्हणतात, आजार वाढतोय, हे व्हायचंच. माझा धाकटा भाऊ म्हणतो, बिचाऱ्या बाबांना काय वाटत असेल. ते फक्त हसतात. जहाजावरून परत आणलेला तो सदरा आई कुणाला देत नाही. पाच बटणं पक्की, सहाव्याचा दोरा लोंबता. एकदा त्यांनी तो बघून मला अदबीने विचारलं, "कात्री आहे का? तोडून टाकतो." आईने सदरा छातीशी धरला. मी ती कात्री फडताळात वर ठेवून दिली.

मी जहाजाच्या कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं: आपल्या सहीनुसार यादी बंद करण्यात आली आहे. देवापुढे बसले की मी दुसरं काही मागत नाही. त्यांना दहा पावलांवर थांबायला सावली मिळू दे, एवढंच.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात होते. दारावर टकटक झाली नाही, पाऊल वाजलं नाही. आईचा आवाज मात्र आला. लटक्या रागातला.

"किती हा उशीर!"

मी हात पुसत बाहेर आले. आई सदऱ्याची घडी घालत होती. फडताळ बंद होतं. शेवटच्या बटणाचा दोरा तुटलेला होता. मी टोक बोटांत धरलं. ते चपटं होतं आणि ओलं होतं.

आई म्हणाली, "आता त्यांना पाणी दे."

खुर्चीतले बाबा दाराकडे बघत होते. त्यांचा श्वास जोरजोरात चालला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला ते घाबरलेले दिसले.