झोपवलेला हात

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमचा हात तुमच्या शेजारीच आहे... पण तो तुमचा वाटतच नाही.

हे खरं घडलंय. माझ्या नातीच्या बाबतीत, गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, एका लहानशा इस्पितळात. मी तिथेच होतो. आजही तिचा तो हात हातात घ्यायला मी कचरतो.

नातीला आम्ही मिरची म्हणतो. धाकटा भाऊ झाल्यापासून ती जास्तच तिखट झाली होती. तो आईच्या मांडीवर दिसला की हिचं तोंड वाकडं. मग हिचं मनगट मोडलं आणि आई पुन्हा हिची झाली. स्वारी खूश!

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला नीट समजावलं. "एक तर तुला पूर्ण झोपवते. नाहीतर थोडी गुंगी देते आणि फक्त हाताला झोपवते. मग तू जागी असशील, पण हाताला काही म्हणजे काही कळणार नाही."

"मी झोपले की आई बाळाकडे जाईल. हातालाच झोपवा!"

खांद्याजवळ सुई दिली. हात लाकडासारखा झाला. बर्फ लावून पाहिला... कळला नाही.

ऑपरेशन छान झालं. तिला खोलीत आणलं, तेव्हाही हात झोपलेलाच होता.

आईने तिच्या कपाळावरून हात फिरवला...

मिरची दचकली.

"आजोबा, माझा हात कुणी धरलाय?"

"कुणी नाही गं. उशीवर आहे बघ."

"छोटी बोटं आहेत... गार."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुंगीत होतात असे भास."

पण मिरची सांगत होती, आई जवळ आली की ती गार बोटं आवळत. दूर गेली की सैल पडत.

"कुणीतरी छोटी मुलगी आहे. तिला माझी आई हवीय," मिरची माझ्या कानात म्हणाली. "मला कळतं ना. बाळ आईकडे असलं की मीपण अश्शीच मूठ आवळते."

तेवढ्यात खाटेशेजारच्या पाळण्यात बाळ कुरकुरलं. आईने त्याला मांडीवर घेतलं.

"आजोबा... सोडला तिने."

आणि बाळ किंचाळलं.

त्याची इवलीशी मूठ पांढरीफटक पडली होती. आई ती उघडू पाहत होती...

उघडेना.

मिरची ताडकन उठून बसली. चांगल्या हाताने तिने आपला झोपलेला हात उचलला आणि खाटेबाहेर, रिकाम्या जागेत पुढे केला.

"ए! त्याला सोड. तो माझा भाऊ आहे. धरायचा तर माझाच धर!"

बाळाची मूठ अलगद उघडली... आणि मिरचीच्या झोपलेल्या हाताची बोटं आपोआप मिटली.