पातळीवाला

खुलान शेळ्या घेऊन विहिरीवर आली, तेव्हा काठावर एक माणूस पालथा पडला होता. डोकं आत, बूट बाहेर.

"ए! मेलास की काय?"

"श्श... पाणी मोजतोय!" मग धुळीने माखलेला एक चेहरा वर आला आणि हसला. हसू छानच होतं, पण म्हणून काय कुणीही आपल्या विहिरीत डोकवावं?

"मी तुवशिन. उलानबातरहून आलोय. भूजल तपासणीला."

तुवशिन म्हणजे पातळी. खुलान खुदकन हसली. "नाव पातळी, काम पाण्याची पातळी मोजायचं! आईने पाळण्यातच नोकरीला लावलं वाटतं?"

"आणि तुमचं नाव?"

"खुलान."

"म्हणजे रानगाढवी!" तो डोळे मिचकावत म्हणाला. "तुमच्या आईचाही अंदाज काही चुकला नाही."

"पातळी सोडून बोलू नका हं!" पण तिचे कान लाल झाले होते.

टेकडीमागे तांब्याची खाण व्हायची होती. तिच्या पाण्यासाठी तिथे एक खोल बोअर मारला होता. त्यावर पंप चालवायचा आणि इकडे खुलानच्या विहिरीचं पाणी उतरतं का ते पाहायचं, हे तुवशिनचं काम. विहिरीत सोडलेलं यंत्र सतत पातळी टिपणार. तोवर कुणी थेंबही काढायचा नाही. जनावरांसाठी तो टँकर आणणार.

"आणि नाहीच उतरलं तर?" तिने विचारलं.

"तर खाण त्या बोअरमधूनच पाणी घेणार."

खुलान टेकडीकडे पाहू लागली. पुढेमागे विहीर आटली तर शेळ्या, उंट, सगळा संसार उचलून जायचं कुठे? त्या यंत्रावर कोण भरवसा ठेवणार! पाणी उतरलेलं दिसायला हवं ना? मग दिसेल.

तुवशिन रोज टँकर घेऊन यायचा. खारट दुधाचा चहा फुंकून फुंकून प्यायचा, वाळवलेल्या दह्याचा खडा गालात धरून बोबडं बोलायचा आणि खुलान पोट धरून हसायची. तो गेला की मात्र ती गुपचूप विहिरीत पोहरा सोडायची...

पंप थांबल्यावर त्याने यंत्र वर काढलं, लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरची रेघ तिला दाखवली.

"खुलान, पंप पाणी ओढतो तेव्हा रेघ घसरगुंडीसारखी उतरते. ही बघ – पायऱ्या! एकेक पायरी म्हणजे एकेक पोहरा."

तिने मान खाली घातली. मग उसळून म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला? विहीर तुझी जाणार आहे का?"

"अगं, आता पाणी खरंच उतरलं असलं तरी खाणवाले म्हणतील, पोरीनेच उपसलं! मी साहेबांना खरं तेच सांगणार. शिव्या खाईन. पुन्हा पहिल्यापासून करायचंय." त्याने लॅपटॉप मिटला. "मी तुझ्याच बाजूचा आहे, वेडे. म्हणून तर खोटं चालणार नाही."

या खेपेला खुलान विहिरीच्या झाकणावर ठाण मांडून बसली. सवयीने येणाऱ्या शेळ्यांना तिने हुसकावून लावलं. तुवशिन शेजारी बसून राहिला. वाऱ्याने तिचा डोक्याचा रुमाल उडाला, तो त्याने झेलला आणि परत द्यायला विसरला. तिनेही मागितला नाही.

रेघ घसरगुंडीसारखीच उतरली. एकही पायरी नाही! खाणीला आता पाणी दुसरीकडे शोधावं लागेल, असं साहेबांनीच येऊन सांगितलं. खुलान रडली, हसली. तिच्या बाबांनी तुवशिनच्या पाठीवर अशी थाप मारली, की बिचारा धडपडला.

आता एकच काम उरलं. पंप बंद झाल्यावर विहीर पुन्हा पहिल्याइतकी भरते का ते पाहायचं. भरली, की तुवशिन परत शहरात.

सकाळपासून तो मोजपट्टी आत सोडत होता आणि मान हलवत होता. "अजून नाही."

दुपारी – "अजून जरासं..."

ऊन कललं. खुलान चहा घेऊन आली. "किती राहिलं?"

"थोडंच."

"खोटारडा! दुपारीच भरली विहीर. मी वाकून पाहिलंय."

तुवशिन ओशाळला. "मग... तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर गेला असतास ना!"

वारा पडला होता. त्याने चहाचा पेला घेतला, पण पेल्याबरोबर तिची बोटंही धरली. "खुलान, तू मला फार आवडतेस. मला जायचंच नाहीये."

"जावं तर लागेल," ती हात न सोडवता म्हणाली. "साहेबांना दुपारची खरी पातळी सांग. आणि येताना आईवडिलांना घेऊन ये. मागणी घालायला एकटाच आलास, तर बाबा दारात उभं करणार नाहीत!"