वाळूच्या पोत्याची जागा

लढाईचा सिनेमा कुठलाही असो, त्यातली मोटरसायकल सुहासचीच असायची. दुसऱ्या महायुद्धातली जुनी लष्करी गाडी, डाव्या अंगाला होडीसारखी साइडकार जोडलेली. सिनेमावाले सांगतील त्या सैन्याचा रंग तिला द्यायचा, शूटिंग संपलं की बेडशाला घरी आणून उभी करायची. एकच गाडी दोन्ही बाजूंनी लढते, याचं त्याला पूर्वी हसू यायचं. बायको गेल्यापासून तो नुसता रंग द्यायचा आणि ब्रश धुवून ठेवायचा.

त्या दिवशी काम लोणावळ्याच्या वरच्या पठारावर होतं. श्रावण उतरणीला लागला होता, तरी धुकं उठत नव्हतं. शॉट साधाच होता. साइडकारमध्ये एक मेलेला सैनिक पडलेला आहे आणि गाडी धुरातून पुढे येते आहे. मेलेल्याचं काम मिळालं होतं कार्ल्याच्या डोंगरवाडीतल्या बारकूला. पन्नाशी ओलांडलेला, मोळी बांधून आयुष्य गेलेला माणूस. त्याला जाड लोकरीचा कोट चढवला, कपाळाला लाल रंग फासला.

“आज निवांत मरून घेतो, भाऊ,” साइडकारमध्ये आडवं होत तो म्हणाला. “घरी जरा पडलो की कारभारीण लाकडं फोडाया उठवती.”

या धंद्यात एक रीत आहे. कॅमेऱ्यापुढे जो मेला, त्याने शॉट संपल्यावर कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायचं. मरण तिथेच राहतं आणि माणूस घरी जातो. मोठमोठे नटही हे चुकवत नाहीत. पण त्या दिवशी शॉट मिळाला आणि धुकं असं दाटलं की हाताला हात दिसेना. कॅमेरा झाकला गेला, जो तो आपापल्या गाडीकडे पळाला. बारकूने कोट काढून टेम्पोत टाकला, स्वतःही बसला आणि गेलाही. हसायचं राहून गेलं.

दिवेलागणीला अजून वेळ होता. सुहास गाडी घेऊन उताराला लागला. साइडकार रिकामी असली की डाव्या वळणावर तिचं चाक जमीन सोडतं, म्हणून तिच्यात वजन ठेवावं लागतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते वजन अनघाचं होतं. डोक्याला रुमाल, मांडीवर जेवणाचा डबा, आणि दर खड्ड्याला नवऱ्याचा उद्धार. तिला उठबस जमेनाशी झाली तेव्हा तिच्या जागी वाळूचं पोतं आलं. ते पोतं आज शॉटसाठी काढलं होतं आणि वर पठारावरच विसरलं होतं. पहिलं डावं वळण आलं तेव्हा त्याला हे आठवलं. त्याने घाईने अंग डावीकडे टाकलं.

चाक उचललं नाही.

पुढच्या वळणावरही नाही. गाडी जड चालत होती. इंजिनाच्या आवाजाखाली साइडकारची स्प्रिंग कुरकुरत होती, कोणी बसलं की कुरकुरते तशी. ओल्या लोकरीचा वास येत होता. कोट तर टेम्पोतून गेला होता... सुहासने डावीकडे पाहिलं नाही. मान वळवायलाही बळ लागतं, आणि ते त्याच्यात उरलं नव्हतं. एकच गोष्ट मनात आली. बारकू हसला नव्हता.

कार्ल्याला हमरस्ता सोडून त्याने गाडी डोंगरवाडीकडे घातली. बारकूची बायको सावित्राबाई दारातच बसली होती. माणूस आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय, अन्नाला शिवला नाही, हातपाय गार पडलेत, असं तिने सांगितलं.

“हाक मारली की डोळं उघडत्यात,” ती हळू आवाजात म्हणाली. “पन त्या डोळ्यांत कोनी न्हाई, भाऊ.”

सुहास त्याच्याजवळ बसला. मोबाइल कॅमेऱ्यासारखा समोर धरला.

“बारकूभाऊ, इकडं बघा. शॉट संपला. हसा एकदा.”

बारकू भिंतीकडेच बघत राहिला. सुहासने दोनदा, तीनदा विनवलं. मग सावित्राबाईच पुढे सरकली आणि नवऱ्याचा खांदा धरून म्हणाली, “हसा की वो. ह्ये मड्याचं सोंग माज्याफुडं चालायचं न्हाई. लाकडं तशीच पडल्यात.”

बारकूचा ओठ थरथरला. घशातून खरखर निघाली आणि बघता बघता तिचं हसू झालं. तो उठून बसला, आणि कोरा का होईना पण चहा टाक म्हणाला. सावित्राबाईने पदराने डोळे पुसले आणि पुसता पुसताच त्याला बोलायला सुरुवात केली.

सुहास चहा घेऊन निघाला. वाडीबाहेर डावं वळण होतं.

चाक उचललं नाही.

आता मात्र त्याला भीती वाटली नाही. बारकूचं होतं ते बारकूकडे परत गेलं होतं. मग ही जागा हक्काने अडवणारं माणूस त्याच्या आयुष्यात एकच होतं.

“अनघा?” तो म्हणाला.

स्प्रिंग किंचित कुरकुरली.

बेडशापर्यंत तो बोलत राहिला. लोणच्याच्या बरण्या तू ठेवल्यास तिथेच आहेत. मी अजून पुढच्या खोलीत खुर्चीतच झोपतो. कंटाळलोय गं. खड्डे चुकवत, सावकाश, त्याने इतकी सांभाळून गाडी कधीच चालवली नव्हती. एक खड्डा तरीही बसला. ती काहीच बोलली नाही, एवढंच त्याला खटकलं.

घर गावाच्या टोकाला. अंधारून आलं होतं. गाडी अंगणात लावून त्याने कुलूप काढलं, दार उघडलं आणि मागे न बघताच म्हणाला, “ये. आत ये.”

अंगणात स्प्रिंग मोकळी झाली. खडीवर पावलं वाजली... जड, थकलेली. पायरीशी येऊन थांबली. मग कोणीतरी खाकरलं. घोगरं, पुरुषी. घरात बायामाणसं असली की परका पुरुष उंबऱ्याबाहेर थांबून खाकरतो, त्यांना आडोशाला जायला वेळ देतो, अगदी तसं.

घरात कोणीच नव्हतं. सकाळी कुलूप त्यानेच घातलं होतं.

सुहास उंबऱ्यात उभा राहिला. पुढेही जाता येईना, मागेही वळता येईना. बारकू हसून घरी आला होता; मरण साइडकारमध्येच राहिलं होतं. ओल्या लोकरीचा वास त्याच्या मानेपर्यंत आला. आणि आतल्या अंधारात बांगड्या वाजल्या, स्वयंपाकघराचं दार कोणीतरी हळूच लोटून घेतलं... आणि कडी घातली.