मोगरा गुंफायची दुपार

अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रातली गोष्ट. कुंभकोणमच्या विजयराघवांचं उजवं अंग अर्धांगवायूनं लुळं पडलं, वाचाही गेली, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तंजावरच्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, गोमतीला, एक उपाय सांगितला होता.

"त्यांच्यासमोर बसून हातानं काहीतरी करत राहा, अम्मा. दुसऱ्याचा हात हलताना पाहिला की बघणाऱ्याचा मेंदूही आतल्या आत तेच करतो. इटलीत माकडांच्या बाबतीत तसं दिसून आलंय."

तेव्हापासून रोज दुपारी, त्यांचं अंग पुसून, चादरी धुऊन झाल्या की गोमती खाटेसमोर बसून मोगरा गुंफायची. ते बघायचे. हात लाकडासारखा पडून असायचा. तिची पाठ मात्र मोडून यायची.

त्या दुपारी बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उकाड्यात कोमेजलेल्या फुलांचा वास खोलीभर दाटला होता... आणि विजयराघवांचा उजवा हात हलत होता!

"अगंबाई, हालला की वो!" तिचे डोळे भरून आले.

मग तिनं नीट पाहिलं. ही काही मोगऱ्याची गुंफण नव्हती. बोटं चिमटीत जमत, हात वर उठून पुढं येई, चिमटी हलकेच सुटे. पुन्हा तेच. मेलेल्या माणसाच्या तोंडात शेवटचे तांदूळ घालतात ना, तसं.

तिचे हात तर मांडीवर स्वस्थ पडले होते. मग हे कुणाचं बघून?

त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागं खिळली होती.

"कोण आहे वो... माझ्या मागं?"

त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहू लागलं. मान वळवायची तिची छाती होईना. खरं सांगायचं तर तेवढं त्राणही उरलं नव्हतं. तिनं घाईघाईनं फुलं उचलली.

"इकडं बघा. माझ्या हाताकडं बघा..."

नजर सावकाश खाली आली. हात थांबला. गोमती गुंफत राहिली. फुलं संपली तशी माळ उसवून पुन्हा गुंफली, पुन्हा उसवली. बोटं बधिर झाली, पण ती थांबली नाही.

तिन्हीसांजेला शेजारची सुब्बलक्ष्मी ताक घेऊन आली. तिनं दिवा लावला. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"अक्का, उठा आता," ती म्हणाली. "आणि मघापासून तोंडात काय धरलंय हो?"

गोमतीनं तळहातावर थुंकून पाहिलं. कच्चे तांदूळ होते... भिजून टपोरे फुगलेले.