बेड्यातून आलेली पावलं

तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा प्रसंग मी स्वतः बघितलाय.

गोष्ट गेल्या वर्षीची. ठिकाण पावस, गावाबाहेर कातळाच्या कडेला एक चिऱ्याचं घर. वेळ रात्रीची नाही... तिन्हीसांजेची.

ही मावसबहीण शमिका आणि तिचा नवरा ओमकार ठाण्याचे. त्यांची लेक राही पाच वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं. आठवड्याच्या आत घर रिकामं झालं.

ओमकारने पावसला आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत नोकरी धरली. जागा बदलली की शमिका सावरेल, असं त्याला वाटलं.

झालं उलटंच.

ठाण्यात निदान आवाज होते. लिफ्टचा, शेजारच्या टीव्हीचा, खालच्या रिक्षांचा. इथे दुपारी बाजारसुद्धा झोपायचा. फोनला रेंज हवी तर गडग्यावर, कुंपणाच्या दगडी भिंतीवर चढायचं. ओमकार कामावर गेला की दिवसभर फक्त फ्रीजची घरघर... वीज गेली की तीही बंद.

अशीच एकदा संध्याकाळी वीज गेली होती. शमिका बाहेर पायरीवर बसली होती.

बेडं करकरलं. बेडं म्हणजे गडग्यातलं लाकडी फाटक.

वारा नव्हता.

मग पाचोळ्यावर पावलं वाजली... छोटी. धावत आली आणि पायरीपाशी थांबली.

समोर कोणीच नव्हतं.

शमिका घाबरली नाही. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "राही?"

कोणीतरी धापा टाकत होतं... अगदी तिच्या गुडघ्याजवळ.

त्या दिवसापासून ती केस विंचरू लागली. संध्याकाळी शिरा करू लागली, वाटीत काढून पायरीवर घेऊन बसू लागली. ओमकारला बरं वाटलं. कारण कळलं तेव्हा मात्र तो रडला.

"शमे, ती नाहीये गं आता."

"आहे. रोज येते."

मग एका संध्याकाळी पावलं थांबली, आणि आवाज आला...

"आये..."

शमिकाच्या हातातली वाटी सुटली.

राही तिला मम्मा म्हणायची. आणि तो आवाजही राहीचा नव्हता.

शेजारच्या तुळसाकाकींनी शेवटी सांगितलं.

"बाय, ती तुजी न्हाय गो. ती हौसाची. हौसा हितं भाड्यानं ऱ्हायची. मुंबयला कामाला गेली, पोरीला आजीजवळ ठेवून. पोर रोज सांजेला बेड्यात उभी ऱ्हायची, आवशीची वाट बघत. तापात गेली. हौसाला तिचं त्वांडबी नाय दिसलं. तू बोलू नुको तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी पावलं आली. शमिका उठून उभी राहिली आणि किंचाळली, "मी तुझी आई नाही! माझी का नाही येत? तूच का येतेस? जा!"



मग पावलं वळली. या वेळी धावत नाही... सावकाश गेली. बेडं लागलं.

त्यानंतर काही नाही. पावसाळा संपला तरी नाही.

शमिका पुन्हा वाळायला लागली. ओमकारने ठाण्यात नोकरी मिळवली, तरी ती निघेना. तिला समजवायला त्याने मला बोलावलं.

आम्ही पायरीवर बसलो होतो. उजेड उतरत होता.

"दादा, लेकराला हाकललं रे मी," ती म्हणाली. "तिची आई आली नाही, माझी लेक येत नाही. आम्ही दोघी एकमेकींना चाललो असतो."



तेवढ्यात तिने बेड्याकडे मान वळवली.

मला काही ऐकू आलं नाही. ना बेडं, ना पाचोळा.

शमिका हळूच बाजूला सरकली... लहान मुलाला बसायला जागा करावी, तेवढीच. तिचा हात मोकळ्या हवेत, कोणाच्या तरी डोक्यावर ठेवल्यासारखा थांबला.

"किती उशीर केलास गं..."

तिच्या ओढणीचं टोक ताणलं गेलं. कोणीतरी मुठीत धरावं, तसं.

मी अंगणात उतरलो, तो घरात परत गेलोच नाही.

ओमकार एकटाच ठाण्याला परतला. शमिका पावसलाच आहे. कोण आलं होतं, हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

राहीला मी खांद्यावर बसवून फिरवलंय. त्या पायरीवर तीच असती, तर मामाकडे एकदा तरी आली असती ना?