पंचनाम्याचा डावा गुडघा

तो आत आला तेव्हा उजव्या पायाने लंगडत होता. टेबलापाशी पोहोचेपर्यंत डाव्या पायाने लंगडू लागला.

"नक्की कुठला गुडघा दुखतोय?" एक्स-रेवालीने विचारलं.

"आलटून-पालटून. दोघांनाही संधी द्यावी लागते."

तिने हसू शिशाच्या एप्रनखाली दाबलं.

गावातले बास्केटबॉलवेडे त्याला पंचनामा म्हणत. लाडक्या संघात कुणाचा घोटा मुरगळला, कुणाचं बोट सुजलं, हे संघाच्या डॉक्टरांआधी पंचनाम्याच्या फोनवरच्या ग्रुपला कळायचं. संघातला सगळ्यात उंच गडी 'खांब' हल्ली सरावात गुडघा चोळताना दिसला होता. खेळाडूंची तपासणी याच हॉस्पिटलात व्हायची. म्हणून हा भला माणूस खोकत-कण्हत डॉक्टरांची चिठ्ठी मिळवून, रांग लावून आजारी पडला होता.

"खांब येऊन गेला का हो?"

"इथे खांब, तुळई काही येत नाही. पाय हलवू नका. डावा घेऊ की उजवा?"

"तुम्हाला आवडेल तो."

तिने डावा घेतला. जवळ होता म्हणून.

पडद्यावर चित्र उमटलं, आणि एक्स-रेवाली पडद्याजवळ वाकली. गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडाला वाळवी लागल्यासारखं काहीतरी दिसत होतं.

"अजून एक काढूया... या बाजूने," ती म्हणाली. आवाज उगाचच मऊ झाला होता.

"काय झालं?"

"काही नाही. डॉक्टर सांगतील."

पंचनामा उठून बसला. "मी प्रशिक्षकांच्या मुलाखती ऐकून जगतो, बाई. ते 'काही नाही' म्हणाले की तो खेळाडू पुढच्या मोसमातच दिसतो." मग हळूच म्हणाला, "तसा हा... ठणकायचा अधूनमधून. मला वाटलं, संघ हरतोय म्हणून."

बोलायची तिला परवानगी नव्हती. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं — आणि तेवढ्यात सगळं सांगून झालं.

त्यानंतर तपासण्यांवर तपासण्या. दर वेळी तो तिच्या दारात डोकावायचाच.

"माझे इतके फोटो काढलेत. एक तरी हसरा आला का?"

"कवटीचा काढते. तो हसराच येतो."

ती वाक्यं आदल्या दिवशीच जुळवून ठेवायची, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

निदान झालं. कर्करोग. पाय मांडीतून काढावा लागणार होता; उशीर झाला तर दुखणं छातीत पसरणार होतं. पंचनामा म्हणाला, "बघू." मग बघतच राहिला. डॉक्टर ओरडले, आई रडली, हा आपला बघतोय.

शेवटी त्याने ग्रुपवर विचारलं: 'डाव्या गुडघ्यावर हाडाचा कर्करोग. पाय काढल्यावर माणूस उभा राहतो का?'

कुणाचा गुडघा, ते लिहायला तो लाजला. आणि पंचनामा लिहितो म्हणजे खेळाडूबद्दलच! संध्याकाळपर्यंत सरावाच्या मैदानाबाहेर खांबासाठी मेणबत्त्या लागल्या. खांबाच्या मावशीने फोनवर हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी खुद्द खांब दारात वाकून आत आला आणि एक्स-रेवालीसमोर लहान पोरासारखा बसला.

"ताई, खरं सांगा. मी वाचेन ना?"

तिने एक्स-रे काढला आणि परवानगीची वाट न बघता सांगून टाकलं, "नुसता मुका मार आहे."

बाहेरच्या बाकावर पंचनामा बसला होता. ज्याच्यासाठी एवढं सोंग केलं, तो हातभर अंतरावर उभा होता.

"माझ्याबद्दल तुला कुणी सांगितलं रे?" खांबाने दरडावलं.

"तुझं नव्हतं. माझं होतं."

खांब धप्पकन शेजारी बसला. बाक कुरकुरला. गुडघा चोळत म्हणाला, "मी तर रात्रीच ठरवलं होतं. म्हटलं, घ्या पाय. जीव ठेवा." पंचनाम्याच्या खांद्यावर पंजा ठेवून तो उठला आणि धडधाकट पायांनी, अपराध्यासारखा निघून गेला.

एक्स-रेवाली दारात उभी होती.

"एक पाय गेल्यावर," पंचनामा जमिनीकडे बघत म्हणाला, "समजा, एखाद्या मुलीला काही विचारायचं असलं... तर?"

"विचारायला पाय लागतो?"

"नकार मिळाल्यावर पळून जायला लागतो."

"मग नसलेलाच बरा."

त्याने मान वर केली. त्याच दुपारी तो डॉक्टरांना हो म्हणाला.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने विचारलं, "सोबत कोण?" त्याची आई उठली. एक्स-रेवालीही उठली.

"अगं, तू आपल्याच इथली ना? पेशंटची कोण लागतेस?"

"मी..." तिने आईकडे पाहिलं. "होणारी बायको."

"मला कुणी विचारलं नाही!" स्ट्रेचरवरून आवाज आला.

"भूल उतरली की विचारणार होते."

आईने डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला, तिला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "याला उलट उत्तर देणारी मिळाली एकदाची."

स्ट्रेचर हललं. एक्स-रेवाली बरोबर चालू लागली. चादरीखाली हात घालून तिने त्याच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. कितीदा तिने तो आतून पाहिला होता. हातमोज्यांशिवाय कधी हात लावला नव्हता. गरम होता.

"भीती वाटतेय," पंचनामा म्हणाला. पहिल्यांदाच त्यात विनोद नव्हता.

"मलाही."

दार उघडलं. तिथून पुढे तिला जायची परवानगी नव्हती. चाकं पुढे गेली आणि गुडघा तिच्या हाताखालून हळूहळू निघून गेला.